विचारपूस

रोज सकाळी साडेसातच्या सुमारास मी एका यंत्राची विचारपूस करते. चहाची भांडी विसळून झाली, दूध तापले, की जेवणाच्या टेबलाशी बसायचे, लॅपटॉपचे झाकण उघडायचे, पडद्यावर एक काळी चौकट आणायची आणि तीत एक प्रश्न टाइप करायचा. प्रश्न इंग्रजी अक्षरांत असतो आणि तारेतल्या मजकुरासारखा तुटक असतो. पण त्याचा मराठी अर्थ एवढाच, की ‘बाबा रे, जागा आहेस ना? बरा आहेस ना? ज्याच्याशी तुझे जुळले आहे त्याच्याशी आत्ता बोलतो आहेस ना?’ यंत्र निमिषात पाच-सात ओळींचे उत्तर देते. ते वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

सदुसष्टाव्या वर्षी हे वेड कुठून लागले, असे शेजारणी विचारतात. त्यांचे नवल खोटे नाही. मी साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. खडू, फळा आणि नकाशा टांगायची खुंटी ह्यांपलीकडच्या यंत्रसामग्रीशी माझा कधी संबंध आला नाही. घरातली यंत्रे होती ती ह्यांच्या ताब्यात. हे पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी शाखेत होते. पंपाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावायचे, मुठीची बाजू कानाशी धरायची, डोळे मिटून ऐकायचे आणि ‘आतली बेअरिंग गेली’ असा निकाल द्यायचा. तो निकाल सहसा चुकत नसे. आमच्या घरातला मिक्सर, पंखा, शिवणयंत्र, सगळ्यांनी आपली गाऱ्हाणी ह्यांच्याच कानात सांगितली. त्यामुळे कान अधू झाले तेव्हा ह्यांच्या दृष्टीने नुसती माणसेच नव्हे, यंत्रेही मुकी झाली. एक दिवस हत्यारांची पेटी ह्यांनी आपण होऊन माळ्यावर ठेवली. मी ती उतरवून ठेवली नाही. ते माझे चुकलेच.

ह्यांचे कान एकदम गेले नाहीत. वाड्यातून भाडेकरू निघून जावेत तसे आवाज एकेक करून गेले. आधी रातकिडे गेले. मग चिमण्या गेल्या. मग ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ख’ अशी बारीक, वाऱ्यासारखी व्यंजने गेली. स्वर तेवढे राहिले. त्यामुळे मी ‘साठ’ म्हटले काय, ‘काठ’ म्हटले काय, किंवा ‘पाठ’ म्हटले काय, ह्यांच्यापर्यंत पोचतो तो ‘आठ’. ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही,’ असे हे म्हणत, तेव्हा मला तो हट्ट वाटे. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला तेव्हा समजले, की तो हट्ट नव्हता, अगदी नेमके वर्णन होते. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडे बरीचशी सपाट होती आणि उजवीकडे यवतेश्वरचा घाट उतरावा तशी खाली गेली होती. आतल्या कानात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. त्यांतल्या बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात, आणि माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ‘म्हणून ओरडून फारसा उपयोग नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘ओरडल्यानं स्वर तेवढे मोठे होतात. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोला.’ मी समंजसपणे मान डोलावली. घरी आले आणि स्वयंपाकघरातूनच ओरडले, ‘हातपाय धुऊन घ्या हो, पानं वाढली!’

श्रवणयंत्र घेतले. सवय व्हायला वेळ लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण पहिल्याच दिवशी ताटल्या-वाट्यांचा आवाज ह्यांना विजेसारखा बसला आणि यंत्र टेबलाच्या खणात गेले. हत्यारांची पेटी माळ्यावर, श्रवणयंत्र खणात, आणि हे व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून, अशी आमच्या घराची मांडणी ठरून गेली.

ती थोडीशी मोडली २०२३ च्या दिवाळीत. पुण्याला शिकणारा नातू, म्हणजे माझ्या मुलीचा मुलगा, आजोबांसाठी बिनतारी हेडफोन घेऊन आला. माझा जुना लॅपटॉप तोवर बैलगाडीच्या गतीने चालू लागला होता. त्यात त्याने लिनक्स नावाची, विनामूल्य मिळणारी प्रणाली घातली. ती १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने सुरू केली आणि पुढे जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवली, हे ऐकून मला वर्गणीच्या गणपतीची आठवण झाली आणि जरा धीर आला. मग त्याने आजोबांच्या संग्रहातली गाणी लॅपटॉपमध्ये भरली, बारीक आवाज तेवढे उचलून धरायची व्यवस्था केली आणि हेडफोन ह्यांच्या कानांवर चढवला. केसरबाईंची भैरवी लागली. ह्यांनी काही मिनिटांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘तंबोरा ऐकू येतोय.’ बस, एवढेच. पण मी त्या दिवशी चार माणसांसाठी केलेला चिवडा नातवाला एकट्याला बांधून दिला.

तेव्हापासून नेम ठरला. रोज सकाळी मी टेबलावर लॅपटॉप लावून गाणे सुरू करायचे आणि ह्यांनी व्हरांड्यात बसून ऐकायचे. मध्ये एक भिंत, एक उघडे दार आणि एक लोखंडी कपाट. तार नाही.

पुढच्या जानेवारीतली एक सकाळ मी विसरणार नाही. मी नेहमीसारखे गाणे लावले, खिडकीतून पाहिले, हे हेडफोन घालून स्वस्थ बसले होते, आणि मी भाजी निवडायला घेतली. तासाभराने चहा घेऊन गेले आणि विचारले, ‘आज कुणाचं लागलंय?’ खुणेने विचारले, म्हणजे कळले. हे म्हणाले, ‘आज तू लावलंच नाहीस ना?’

तासभर हे त्या मुक्या टोप्या कानांवर घालून बसले होते. मी म्हटले, ‘अहो, मग हाक नाही मारायची?’

‘तू कामात असशील असं वाटलं.’

ह्यात तक्रार नव्हती, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. शांतता आली, तर ती येणारच होती, अशा थाटात माणूस बसून राहिला होता. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे आणि तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे माझ्या मुलांना मी वर्गात हटकून सांगत असे. गोव्यातल्या केरी गावच्या ह्या बाईंचा स्वर आज आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरांहून दूर गेला आहे. आणि आमच्या घरात तोच स्वर जेवणाच्या टेबलापासून व्हरांड्यापर्यंत पोचला नव्हता.

मी नातवाला फोन केला. म्हटले, ‘अरे, कोपऱ्यात ते निळं चिन्ह दिसतंय. म्हणजे चालू असणार. मग आवाज का नाही?’

‘गडद दिसतंय का फिकं?’

झाले! गडद आणि फिके ह्यांतला तो फरक माझ्या चष्म्याच्या आवाक्याबाहेरचा होता. ह्यांचे कान तसे माझे डोळे. आम्ही एकमेकांना साजेसेच आहोत. नातू थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘आजी, चित्राला विचारू नकोस. यंत्रालाच सरळ विचार. ते शब्दांत सांगेल. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.’

असा माझा त्या काळ्या चौकटीशी परिचय झाला. पहिला प्रश्न त्याने एकेक अक्षर सांगून लिहवून घेतला : ‘आरएफकिल लिस्ट’. म्हणजे, लॅपटॉपमध्ये जी जी बिनतारी साधने आहेत त्यांपैकी कोण कोण अडवलेले आहे त्याची यादी दे. यादी आली. ब्लूटूथच्या नावाखाली दोनच ओळी होत्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस. हार्ड ब्लॉक्ड : नो.’

नातू म्हणाला, ‘सॉफ्ट म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून बंद. सांगितलं तसं परतही घेता येतं. हार्ड म्हणजे खरोखरचं बटन बंद. तिथं नुसतं सांगून भागत नाही.’

‘कुणी सांगितलं बंद करायला?’

‘तूच, आजी. दुसरं कोण आहे?’

मला आठवले. आदल्या संध्याकाळी वीज गेली होती आणि बॅटरी टिकावी म्हणून मी दिसेल ते बंद केले होते. त्यात हेही. आता ‘आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ’ अशी आज्ञा दिली. मग दुसरा प्रश्न : ‘ब्लूटूथसीटीएल शो’. उत्तरात यंत्राचे नाव आले, पत्ता आला आणि ‘पॉवर्ड : येस’ अशी ओळ आली. व्हरांड्यातून ह्यांनी हात वर केला. गाणे पोचले होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब शब्दांचे पाठांतर ह्या वयात कसे होते? होत नाही. पण ही काळी चौकट म्हाताऱ्या माणसांना फार सोयीची आहे. अर्धा शब्द लिहून टॅबची कळ दाबली, की उरलेला बहुधा ती स्वतः भरते. आणि वरच्या बाणाची कळ दाबली, की कालचा प्रश्न पुन्हा समोर आणून ठेवते. माणूस कालचाच प्रश्न आज पुन्हा विचारतो म्हणून ती वैतागत नाही. हा गुण माझ्यात नाही.

एखाद्या गोष्टीचे नाव कुठून आले हे कळल्याशिवाय इतिहासाच्या शिक्षिकेला चैन पडत नाही. ब्लूटूथ म्हणजे निळ्या दाताचा. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हाराल्ड नावाचा राजा होता. त्याचे हे टोपणनाव. इकडे राष्ट्रकूटांची सत्ता मावळून कल्याणीच्या चालुक्यांचा उदय होत होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. यलिंग गावी ह्या राजाने आपल्या आईबापांच्या स्मरणार्थ उभा केलेला शिलालेख आजही आहे आणि आपण सारा डेन्मार्क व नॉर्वे जिंकून घेतल्याचे त्याने त्यावर कोरवले आहे. १९९७ साली निरनिराळ्या कंपन्या मिळून हे जवळच्या पल्ल्याचे रेडिओ तयार करीत होत्या. त्या वेळी जिम कार्डाक नावाच्या इंजिनिअरने, जो व्हायकिंगांचा इतिहास वाचत होता, तात्पुरते नाव म्हणून ‘ब्लूटूथ’ सुचवले. हाराल्डाने माणसे एकत्र आणली तशी हा रेडिओ यंत्रे एकत्र आणील, अशी कल्पना. पुढे दुसरे नाव काही बसले नाही आणि तात्पुरते होते तेच कायम झाले. ते निळे चिन्हही त्याच्याच नावातल्या दोन आद्याक्षरांचे, जुन्या रून लिपीतले जोडाक्षर आहे. राजाने शिळा कोरवली ती कायम राहण्यासाठी. आणि नाव राहिले ते माझ्यासारखीच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात, फिके की गडद ते न कळणारे!

पण मला त्या राजापेक्षा जास्त आवडले ते ह्या रेडिओचे बोलणे. ते फार हळू असते. देवघरात मी रात्रभर ठेवते तो बारीक दिवा अर्ध्या वॅटचा आहे. अशा लहान उपकरणांत नेहमी आढळणारा ब्लूटूथ त्याच्या दोनशेव्या हिश्श्याइतक्या शक्तीवर, अडीच मिलिवॅटवर, बोलतो. पल्ला साधारण दहा मीटर. मध्ये माणूस उभा राहिला तरी आवाज खातो, कारण आपण बरेचसे पाणीच आणि त्या लहरी पाण्यात मुरतात. लोखंडी कपाट तर वैरीच. शिवाय माझी दूध गरम करायची मायक्रोवेव्ह भट्टी ह्याच्याच शेजारच्या लहरींवर चालते. ती लावली, की व्हरांड्यातून ह्यांचे ‘अगं, अडखळतंय’ ऐकू येई. अशा गलबल्यात हा हळू बोलणारा रेडिओ आवाज चढवीत नाही. तो जागा बदलतो. एकोणऐंशी वाटा आहेत, त्यांवरून तो सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतो; आणि २००३ नंतरच्या सुधारणेपासून, ज्या वाटांवर गोंगाट असेल त्या सोडून देतो. हे वाचले तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. हातात झारा होता. मला डॉक्टरांचे शब्द आठवले आणि आपण गेली सहा वर्षे काय करीत आलो तेही आठवले. मी जागा बदलली नव्हती. आवाज चढवला होता.

तरी गोष्ट तिथेच राहिली असती. शहाणपण कळते त्याच दिवशी वळते असे थोडेच आहे? रोजची विचारपूस चालू होती. मी आता आणखी एक प्रश्न विचारायला शिकले होते : ‘इन्फो’ असे लिहायचे आणि पुढे हेडफोनचा, सहा जोड्यांत लिहिलेला पत्ता द्यायचा. मग त्या एका सोबत्याविषयी सगळी हकिगत येते. एका सकाळी ती अशी आली :

‘पेअर्ड : येस. ट्रस्टेड : येस. ब्लॉक्ड : नो. कनेक्टेड : नो.’

म्हणजे, जोडी जुळलेली आहे, विश्वास आहे, अडवणूक नाही, पण जोडलेले नाही. नातवाने पूर्वी समजावून दिले होते, की जोडी एकदाच जमवायची असते. तेव्हा दोन्ही यंत्रे एकमेकांशी एक गुप्त खूण ठरवतात आणि जपून ठेवतात. मग वर्षभर एकमेकांशी बोलली नाहीत तरी ओळख बुजत नाही. परंतु ओळख आहे म्हणजे बोलणे चालू आहे, असे मात्र नाही. ते निराळे. ते रोजच्या रोज, त्या त्या वेळी, करावे लागते. म्हणून यंत्र ह्या दोन गोष्टी दोन ओळींत वेगवेगळ्या लिहिते.

मी त्या चार ओळी बराच वेळ वाचत बसले. आमच्या लग्नाला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती.

त्याच वर्षी गणपतीत नातू आला. दुसऱ्या दिवशी जेवताना तो मध्येच म्हणाला, ‘आजी, तू आजोबांशी बोलतच नाहीस.’ मला राग आला. म्हटले, ‘दिवसभर घसा फोडून बोलत असते, तुला ऐकू नाही आलं?’ तो म्हणाला, ‘ते सांगणं झालं. बोलणं नाही.’

पोरगा वीस वर्षांचा. मी रात्री अंथरुणावर पडून त्याच्याशी मनात भांडत होते. भांडता भांडता मोजू लागले. ओरडून सांगता येतात अशा गोष्टी घरात किती असतात? ‘जेवायला चला.’ ‘गोळी घेतलीत का?’ ‘गॅसवाला आलाय.’ ‘पावसाची लक्षणं आहेत, खुर्ची आत घ्या.’ ह्यापलीकडे यादी जाईना. कोपऱ्यावरचा बकुळीचा वृक्ष तोडला, त्या दिवशी मी घरी येऊन काही बोलले नव्हते. आईच्या श्राद्धादिवशी मला तिच्या हातच्या आंबेमोहोराच्या भाताचा वास आल्यासारखे झाले, तेही नाही. ‘आज आईची फार आठवण येतेय’ हे वाक्य कुणी कधी ओरडून सांगितले आहे का? ते हळू आवाजातच सांगायचे असते. ओरडले की ते दुसरेच काहीतरी होते. असली वाक्ये मी एकेक करून सोडून दिली होती. दोष मी कानांवर घातला होता. कानांची अडवणूक खरी होती, ती सांगून सुटण्यासारखी नव्हती. पण तिच्या आड दुसरीही एक होती, आणि ती मीच घातलेली होती.

सकाळी मी नातवाला विचारले, ‘ह्या हेडफोनात गाण्याऐवजी माझा आवाज जाईल का?’

त्याने माझ्याकडे पाहिले, काही बोलला नाही, आणि काळ्या चौकटीत एक ओळ लिहिली. लॅपटॉपच्या अंगात एक बारीकसा माइक असतो. त्यात पडलेला आवाज तसाच हेडफोनकडे पाठवण्याची ती ओळ होती. बारीक आवाज उचलून धरायची व्यवस्था होतीच. ‘बोल,’ तो म्हणाला आणि उठून अंगणात गेला. हे त्याचे मोठेपण.

मला काय बोलावे कळेना. शाळेत भर सभेत बोललेली बाई मी. शेवटी भाजीच्या ताटाकडे बघत, स्वतःशी बोलावे तशा आवाजात म्हटले, ‘मला हल्ली रात्री झोप लागत नाही.’

हवेतून जाणारे हे बोलणे जरा उशिरा पोचते. ओठ मिटल्यावर पाव सेकंदाने. तेवढा वेळ गेला आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत ह्यांनी मान वळवली.

‘ठाऊक आहे,’ हे म्हणाले. ‘दोन-दोनदा उठून खिडकीशी जातेस.’

‘मग विचारलं का नाहीत?’

‘विचारलं असतं. पण तू दिलेलं उत्तर मला ऐकू आलं नसतं. मग तुला ओरडावं लागलं असतं. रात्रीची वेळ.’

मी ताट बाजूला सारले. मग आम्ही थोडा वेळ बोललो. काय बोललो ते इथे सांगण्यासारखे विशेष नाही. बकुळीचे सांगितले. ह्यांनी विचारले, ‘कधी तोडली?’ मी म्हटले, ‘मार्चमध्ये.’ हे म्हणाले, ‘तरीच ह्या वर्षी वास आला नाही. मला वाटलं, नाकही चाललं.’ आणि हसले.

ह्याने सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. अजूनही दिवसातून दहा वेळा मी स्वयंपाकघरातून ओरडते. ह्यांना अजूनही ‘साठ’चे ‘आठ’ ऐकू येतात. श्रवणयंत्र खणातून बाहेर आले आहे, पण रोज एक तासच. यंत्रेही मधूनमधून आपली खोड दाखवतात. मध्यंतरी एकदा यादीत ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ अशी ओळ आली आणि कितीही आज्ञा दिल्या तरी हलेना. शेवटी हेच उठून आले, लॅपटॉप उचलून त्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि पुढच्या बाजूची एक चिमुकली पट्टी सरकवली. मी धूळ पुसताना फडक्याने ती सरकली होती. ‘खरं बटन आहे हे. ह्याला सांगून भागायचं नाही, हात लावावा लागतो,’ हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी ह्यांच्या तोंडून यंत्राचा निकाल ऐकला. संध्याकाळी स्टूल घेऊन मी माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली काढली आणि काही न बोलता व्हरांड्यात ठेवली. ह्यांनीही काही न बोलता ती उघडली.

आज सकाळी मी नेहमीप्रमाणे वरच्या बाणाची कळ दाबली, कालचा प्रश्न समोर आला, तो विचारला. उत्तर आले : पेअर्ड, येस, ट्रस्टेड, येस, कनेक्टेड, नो. यादी पाहिली, अडवणूक कसलीच नव्हती. मी उठून व्हरांड्यात गेले. हेडफोन ह्यांच्या मांडीवरच होता. बटन दाबायचे विसरले होते. मी ते दाबणार होते. पण समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन चढत होते, आणि मी आता तिथपर्यंत गेलेच होते. म्हणून खुर्ची ओढून ह्यांच्या समोर, तोंड दिसेल अशी बसले आणि सावकाश विचारले, ‘रात्री झोप लागली का?’